फेट्यासकट सहा फूट

मी एक जुना बास्केटबॉल आहे. माझ्या पोटात आता हवा नाही, भजनी मंडळाचे टाळ आहेत. ते तिथे कसे आले, ऐका मित्रांनो.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला. चामड्याचे आठ तुकडे, आत रबरी फुगा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी साखरखेर्ड्याजवळच्या एका गावी आलो. देवळामागच्या मैदानात खांबांना लोखंडी कड्या लावल्या होत्या. संघाचा म्होरक्या पंजाबराव रोज हरिपाठ आटोपला की मला तेल चोळी, सायकलच्या पंपाने हवा भरी. मी कडीतून खाली आलो की सारं गाव विठ्ठलनामाचा गजर करी. धन्य वाटे!

एका श्रावणात पंजाबराव बैलगाडीवरून पडला, पाय मोडला. दसऱ्याला तर मोताळ्याच्या संघाशी सामना. सरपंच महादेवरावांनी बजावलं होतं, "जिंकले त मैदान तुमचं. हारले त औंदा तिथं कापसाच्या गाड्या उभ्या राहतीन."

पंजाबरावाच्या जागी बिदागीवर खेळणारा गडी आणायचं ठरलं. नावं दोन. जालन्याचा भगवानराव, लांबून नेम धरणारा. खामगावचा रामराव, ठेंगणा पण चपळ. झालं! पारावर रोज वाद. भजनी मंडळाचे पखवाजी मोतीराम भगवानरावाच्या बाजूने, टाळकरी निवृत्ती रामरावाच्या.

"भगवानराव पुरा सहा फूट हाये!"

"उंची काय चाटाची हाये मोतीरामभाऊ? रामराव हरणावानी पळते!"

शेवटी दोघांना बोलावून देवळाच्या खांबाशी उभं केलं. पंजाबरावाची आई गीताबाई झाडत होती. ती थांबली.

"काऊन रे मोतीराम, फेट्यासकट मोजून राह्यला का?"

फेटा उतरला, भगवानराव चार बोटं खाली आला, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू!

मी देवळाच्या कोनाड्यात पडून नुसता धुमसत होतो. अरे बाबांनो, कोणालाही घ्या, पण मला तेल लावा, हवा भरा! हे मोतीराम पखवाज नीट घुमावा म्हणून त्याला ताजी कणीक लावल्याशिवाय कीर्तनात एक थाप मारत नसत. त्याच हाताने ते मला बाजूला सारून दिव्याची वात शोधत. दीड महिना मला कोणी दाबूनसुद्धा पाहिलं नाही.

दसरा उजाडला. निवड झालीच नव्हती, म्हणून दोघेही खेळाडू हजर! पंचांनी चेंडू मागितला. मोतीरामांनी घाईघाईने पंप लावला. फिस्स! आतला फुगा वाळून तडकला होता. चेंडू यजमानांनी द्यायचा असा ठराव, त्यामुळे मोताळ्याची मंडळी रिकाम्या हातीच आलेली. पंचांनी शिट्टी फुंकून सामना त्यांना दिला.

रामराव हसला. "आता कोनाची उंची मोजता, मोतीरामभाऊ?"



त्या हंगामात मैदानात कापसाच्या गाड्या लागल्या. कुबडी टेकत आलेल्या पंजाबरावाने मला उचललं, माझं कोरडं चामडं बोटाने चाचपलं आणि आईच्या हाती दिलं. गीताबाईने माझं तोंड उसवून टाळ आत ठेवले. "नामाच्या कामी तरी येईन," ती म्हणाली.

आता कीर्तनाआधी मोतीराम कणीक मळतात आणि टाळ काढायला माझ्यात हात घालतात. तो हात दर वेळी क्षणभर थांबतो.

मित्रांनो, कीर्तनाला बुवा कोणता आणायचा यावर खुशाल भांडा. पण भांडायला बसण्याआधी पखवाजाला कणीक लावलीय का, तेवढं पाहून या.