शिजलेलं मत

टण्ण! तो आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे. माझ्या रिकाम्या पोटात घेवड्याचा पहिला दाणा पडला, तेव्हाचा.

मी कॉफीचा जुना डबा बोलतोय. जरा सावकाश बोलतो, सांभाळून घ्या. कारखान्यात जन्मलो, दुकानात धूळ खाल्ली. कॉफी संपली की माझ्या भाऊबंदांना लोक कचऱ्यात फेकतात. मला मात्र टेनेसीच्या डोंगरातल्या या वस्तीने ठेवून घेतलं. इथल्या माणसांनी आपापली घरदारं सोडून सगळं सामाईक केलंय. शेत, बकऱ्या, गाडी. सर्दीसुद्धा.

माझ्यावर मोठं काम सोपवलं. कायमचं राहायला कोणी आलं, की त्याने आधी एक ऋतू इथे राबायचं. मग वस्तीतला प्रत्येक जण माझ्यात एक दाणा टाकणार. पांढरा म्हणजे राहू दे, काळा म्हणजे जाऊ दे. एक जरी काळा निघाला तरी त्याने गाठोडं बांधायचं. कोणी टाकला ते विचारायचं नाही. रोज सकाळी प्रेमाची गाणी म्हणणारी ही माणसं, पण मनातलं तोंडावर सांगायची वेळ आली की त्यांना डबा लागायचा.

मला वाचता येत नाही. अंगावर काय छापलंय तेही ठाऊक नाही. पण बोटं ओळखता येतात.

त्या वर्षी आर्डिसची पाळी आली. साठी उलटलेली, नवरा गेलेला, घर विकलेलं. तिची गाडी आमच्या फाटकाशी बंद पडली, ती पडलीच. आर्डिस मोठ्याने हसायची, बकऱ्यांना शिव्या द्यायची आणि सगळे डोळे मिटून ध्यानाला बसले की घोरायची. थंडी तोंडावर आली होती आणि तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

एकच घोटाळा झाला होता. पहिल्याच आठवड्यात तिने ऑरिनला विचारलं, "काय रे, हा पाव आहे की उंबरठा?"

ऑरिन वस्तीतला सगळ्यात जुना माणूस. वर्षानुवर्षं तोच पाव भाजायचा, आणि वर्षानुवर्षं लोक दात सांभाळत "वा, वा" म्हणायचे.

सभेच्या दिवशी टण्ण, टण्ण पांढरे दाणे पडत गेले. मग पीठ लागलेली दोन बोटं आत आली. दाणा काळा होता. माझं काळीज पत्र्याचं, पण तेही चरकलं.

दाणे बघायच्या आत बाहेर ओरडा झाला, "बकऱ्या कोबीत शिरल्या!" अख्खी सभा शेताकडे पळाली.

आता इथला रिवाज असा, की सभा असली की स्वयंपाक पाहुण्याकडे, कारण त्याला मत नसतं. त्या दिवशी तो थॅड नावाच्या नवख्या पाहुण्याकडे होता. चुलीवर पांढऱ्या घेवड्याचं सूप रटरटत होतं. थॅडने टेबलावर मला पाहिलं, उचललं आणि पातेल्यात पालथं केलं. रिकामा होऊन मी तिथेच आडवा पडलो.

जेवताना काळा दाणा निघाला तो नेमका आर्डिसच्याच वाडग्यात.

"हा कुठून आला?" थॅड म्हणाला. "सूप कमी पडेल म्हणून मी त्या डब्यातले दाणे टाकले."

सगळ्यांचे चमचे थांबले.

"मग आता हे मत धरायचं का?"

"मत कसलं! आमटी झाली त्याची!"

"परत दाणे टाकूया."

"आधीचे पचू देत की!"

गलका चालू असताना आर्डिसने तो दाणा तोंडात टाकला. कट्ट असा आवाज झाला.

"कडक आहे बाई," ती म्हणाली, "पण ऑरिनच्या पावापेक्षा मऊ."

सगळे हसले. तीही हसली, पण मान काही वर केली नाही तिने.

मग सभा चालवणारी मार्लिस उठली. "डबा पुरे झाला," ती म्हणाली. "ज्याची हरकत असेल त्याने आत्ता, तिच्यासमोर बोलायचं. कोणी बोललं नाही, तर आर्डिस राहणार."

तेव्हापासून माझी नोकरी गेली ती गेलीच. आता माझ्यात कपड्यांचे चिमटे असतात. तळाला गंज चढलाय, तक्रार नाही. एवढंच सांगतो बाबांनो, कोणाबद्दल मनात काही असेल तर तोंडाने सांगा. बिचाऱ्या डब्याच्या पोटात टाकू नका. त्याला ते बोलता येत नाही आणि पचतही नाही.

पण त्या जेवणाचं सांगायचं राहिलं.

कोणी बोलेना. ऑरिनने तोंड उघडलं. समोर आर्डिस पावाचा तुकडा सुपात बुडवून, मऊ करून, दुखऱ्या दाढेने चावत होती. रोज नावं ठेवायची, पण त्याच्या पावाचा कणही तिने कधी ताटात टाकला नव्हता. ऑरिन बघत राहिला. त्याने तोंड मिटलं. उठून पावाचा एक जाड तुकडा कापला, तिच्या वाडग्यात नीट बुडवला, आणि भट्टीकडे निघून गेला.