सोफ्याची पाठवणी

सोफा दारातून आत जाईना. दुकानाच्या दोन हमालांनी तो आधी आडवा घातला, मग उभा केला, मग तिरका. शेवटी दाराची फळी बिजागऱ्यांतून काढली, तेव्हा कुठे तो आत गेला. मग खोली अशी भरली की शेजारच्या सासूबाईंना ओट्याकडे जायचं तर पोट आत घेऊन कडेनं सरकावं लागे. तरी त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"हवालदारीणबाई, या, बघा तरी!" त्यांनी व्हरांड्यातून मला हाक मारली.

छावणीच्या वस्तीत बाईला नवऱ्याच्या हुद्द्यानं ओळखतात. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, हुद्दा मात्र माझ्याकडेच राहिला. दुपारी व्हरांड्यात मी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवते आणि शेजारच्या खोलीत कोण आलं, कोण गेलं, हे न विचारता कळतं.

ही सासू-सून नवी होती. मुलगा सैन्यात भरती झाला, प्रशिक्षण संपवून, शपथ घेऊन दूरच्या ठाण्यावर गेला. सून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मोठा दवाखाना इथून जवळ, म्हणून दोघींनी ही खोली घेतली. परीक्षा व्हायच्या आधीच वस्तीनं सुनेला 'सिस्टर' करून टाकलं होतं.

सोफा चांगलाच होता. निळा, जाड गादीचा, हातांना लाकडी पट्टी. सासूबाईंनी त्यावर घरातली जुनी चादर पसरली आणि स्वतः त्याला टेकून खाली जमिनीवर बसल्या.

"अहो, बसा की वर," मी म्हटलं.

"नको बाई, मळेल." त्या हसल्या. "तीस वर्षं ऑफिसं झाडली मी. दुसऱ्यांचे सोफे पुसले. बसले एकावरही नाही. आता पोरगा फौजी झाला, चार माणसं घरी येतील, त्यांना काय जमिनीवर बसवू?"

सिस्टर परतली, दारातच थांबली.

"आई, हे काय?"

"सोफा."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"आपला. म्हणजे होणार. शेठ म्हणाला, शनिवारपर्यंत वापरा, नाही आवडला तर परत करा. मी फक्त माल मिळाल्याची सही केली."

सिस्टरनं शेठनं दिलेली त्या कागदाची नक्कल वाचली. खाली बारीक अक्षरात उरलेली गोष्ट होती. शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत माल परत आला नाही, तर तो विकला गेला असं धरायचं. दोन वर्षं महिन्याला साडेचार हजार मायलेकांच्या जोडखात्यातून कापायचे, पहिले दोन हप्ते आगाऊ. आणि माल परत आणायचा तो घरच्यांनी, दुकानाचे हमाल येणार नाहीत.

हे दुकान छावणीच्या मोठ्या गेटच्या अगदी समोर आहे. मालकाला सगळे हसरा शेठ म्हणतात, कारण त्याचं हसू कधी मावळत नाही. नव्या जवानाचा पहिला पगार कधी जमा होणार, हे पगार कचेरीच्या आधी त्याला कळतं. इतकी वर्षं इथं राहते, पण त्या दुकानातून आलेली वस्तू परत जाताना मी पाहिली नव्हती. गेटसमोरून, साऱ्या पलटणीच्या डोळ्यांदेखत, घरातली वस्तू उचलून न्यायची कोण? शेठ लाकूड-कापूस विकत नव्हता. तो लोकांच्या लाजेवर जगत होता.

संध्याकाळी सिस्टर माझ्याकडे आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"काकू, पहिल्या पगाराला एकसष्ट हजार आले. तेव्हापासून आईंना वाटतंय, दर महिन्याला तेवढेच येणार. पण त्यातले बहुतेक खोलीच्या अनामतीत आणि लग्नाची उसनवारी फेडण्यात गेले. खात्यात साडेनऊ उरलेत. सोमवारी माझी फी आहे, नऊ. नाही भरली तर नाव कापतात. आणि शनिवारी शेठ आगाऊ कापणार नऊ."

"सांग मग त्यांना."

"मी सांगितलं तर म्हणतील, सून आली आणि मला हिशेब शिकवायला लागली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंय हो. तुम्ही सांगाल?"

"मीही नाही. माझी पोरं सांगतील."

दुसऱ्या दिवशी सासूबाई तांदळाचं ताट घेऊन व्हरांड्यात निवडत बसल्या होत्या. मी फळ्यावर गणित घातलं.

"एक जवान होता. प्रशिक्षणात त्याचे कागद अडकले, तीन महिने पगार मिळाला नाही. मग तिन्ही महिन्यांचा पगार एकदम आला आणि वर गणवेशाचा भत्ता दहा हजार. मिळून एकसष्ट हजार. तर त्याला दर महिन्याला किती मिळणार?"

"एकसष्ट!" मागून आवाज आला. बाकीचे हसले.

"हसू नका. घाईत मोठी माणसंसुद्धा हेच म्हणतात. आधी काय बाजूला काढायचं?"

"भत्ता," दोन वेण्यांची एक चिमुरडी म्हणाली. "तो एकदाच मिळतो. राहिले एक्कावन्न. त्याचे तीन भाग. सतरा!"

तांदळातला हात थांबला. "सतरा? अगं, नीट कर जरा."

"नीटच आहे आजी. उलटं करून बघा ना. सतरा त्रिक एक्कावन्न."

"मेसचं, विम्याचं, फंडाचं आधीच कापून हातात सतरा," मी पुढे लिहिलं. "आता घरभाडं पाच. किराणा चार. जवानाला तिकडे खर्चायला तीन. घरात एक जण शिकतंय, त्याचे महिन्याला तीन. एका आजीच्या गुडघ्याच्या गोळ्या, एक. उरले किती?"

"एक!"

"आणि त्यानं साडेचारचा हप्ता घेतला तर?"

मागचा तो घाईवाला म्हणाला, "मग तो उसने घेईल."

"कुणाकडून?"

"हप्तेवाल्याकडूनच!"

सगळे खो-खो हसले. सासूबाई हसल्या नाहीत. ताट उचलून त्या आत गेल्या. मी वाट पाहिली. गणित सुटलं तरी ते पचायला वेळ लागतो, हे शिकवणाऱ्याला कळलं पाहिजे.

शनिवारी सकाळी मुलाचा फोन आला. भिंत पातळ, त्यात फोन स्पीकरवर.

"आई, हिनं सगळं सांगितलं. सोफा राहू दे. तुझी हौस आहे ना? मी इथं भागवीन कसंतरी. हिची फी पुढच्या वर्षी भरू."

पलीकडे डब्याचं झाकण खणकन बसलं. सिस्टर नक्कीच डबा हातात घेऊन उभी असणार.

"पुढच्या वर्षी?" सासूबाईंचा आवाज चढला. "पुढच्या वर्षी कोण भरणार, सोफा? मी तीस वर्षं फरशा पुसल्या त्या काय हिनंही पुसाव्यात म्हणून?"

"अगं पण लोक काय म्हणतील? दुकानदार गेटवर सगळ्यांना सांगेल..."

"सांगू दे. तू परेडला जा."

पाच मिनिटांत त्या माझ्या दारात उभ्या. पदर खोचलेला, डोळे लाल. "हवालदारीणबाई, गणित घालायचंच होतं तर नाव घेऊन घालायचं."

"राग आलाय का?"

"आलाय. पण तुमच्यावर नाही. हातगाडी मिळेल कुठे?"

भाजीवाल्याची मिळाली. तो म्हणाला, "दिवेलागणीनंतर न्या, तेव्हा गर्दी नसते."

"अंधारात चोर जातात," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही काय चोरलंय? गेट सुटतं किती वाजता? पाचला? मग पाचलाच."

सिस्टरनं शेजारून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि दाराची फळी स्वतः काढली. आम्ही तिघींनी मिळून सोफा बाहेर ओढला. मी नावापुरतीच, पण एका कोपऱ्याला हात होता माझा. वाटेत लोक दारात आले, खिडक्या उघडल्या. नाक्यावरच्या चहावाल्याकडून कुणीतरी ओरडलं, "काय आजी, वरात निघाली का?"

"वरात नाही, पाठवणी!" सासूबाई गाडी ढकलत म्हणाल्या. "सासरी नांदला नाही, माहेरी सोडायला चाललोय!"

चहावाला हसता हसता किटली सांडणार होता. मी सिस्टरकडे पाहिलं. तिनं ओठ दाबून धरले होते, तरी हसू फुटलंच.

दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा गेट नुकतंच उघडलं होतं. जवान, कारकून, शिपाई, सायकली, सगळा लोंढा बाहेर येत होता. शेठ पायरीवर आला. हसू जागच्या जागी.

"आजी, अहो हे काय? एवढ्या लांब कशाला त्रास? आवडला नाही का? हप्ता कमी करतो. चार करू."

"आवडला. फार आवडला. परत घ्या."

"लोक बघताहेत हो." तो आवाज उतरवून म्हणाला. "फौजीची आई तुम्ही. मुलाच्या अब्रूचं तरी बघा."

सासूबाईंनी आवाज उतरवला नाही. "माझ्या मुलाची अब्रू त्याच्या अंगावरच्या कपड्यांत आहे, आणि ते हप्त्यानं घेतलेले नाहीत. माझा सहीचा कागद द्या."

सायकलीवरचे दोघे-चौघे पाय टेकून थांबले.

"कागद ना..." शेठनं खिसे चाचपले. "तो मोठ्या कचेरीत गेलाय. सोमवारी या, देतो. सोफा ठेवून जा बिनधास्त."

सिस्टर पुढे झाली. "सोमवारपर्यंत पैसे कापले जातील."

"अगं बाई, विश्वास ठेव की."

मी बोलायला तोंड उघडलं, पण गरज पडली नाही. सासूबाईंनी सोफ्यावरची जुनी चादर ओढली, नीट घडी घातली आणि काखेत मारली. मग सुनेला म्हणाल्या, "घे गं, खाली उतरव."

सोफा उतरला तो बरोबर दुकानाच्या दारात. आत जायला वाट राहिली नाही. आणि सासूबाई त्यावर बसल्या. आठवडाभरात पहिल्यांदा. मधोमध, पाठ टेकून, दोन्ही हात लाकडी पट्ट्यांपर्यंत पसरून.

"दुकान बंद होईपर्यंत सोफा माझ्याकडेच आहे, असं कागदात लिहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "मग मी बसते. कागद येईपर्यंत. गुडघा दुखतोय नाहीतरी."

"आजी, गिऱ्हाइकं आत कशी येतील?"

"येऊ दे ना, माझ्याशी बोलत थांबतील. सिस्टर, तूही बस. हवालदारीणबाई, या. तिघींचा आहे."

आम्ही बसलो. खरंच मऊ होता. गेटमधून येणारे थांबून बघू लागले. एका म्हाताऱ्या सुभेदारानं विचारलं, "काय चाललंय?" आणि सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं. एकसष्ट, सतरा, साडेचार, फी, एकही आकडा न चुकता. मग दुसऱ्यानं विचारलं, त्यालाही सांगितलं. तिसऱ्याला सांगायला सुरुवात केली तेव्हा शेठच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा मावळलेलं मी पाहिलं. तो मागच्या दारानं आत गेला. मोठ्या कचेरीत गेलेला कागद गल्ल्याच्या खणातून बाहेर आला.

सिस्टरनं सही ओळखली. वर "माल परत मिळाला" असं लिहून घेतलं, तारीख घातली, दुकानाचा शिक्का मारून घेतला आणि कागद पर्समध्ये ठेवला.

सासूबाई उठल्या. गादीवर पडलेला खळगा त्यांनी तळहातानं सारखा केला.

"माल चांगला आहे हो तुमचा," त्या शेठला म्हणाल्या. "झालीच कधी ऐपत, तर रोख घेईन. दुसरीकडून."

आम्ही रिकामी गाडी घेऊन वळलो. पदपथावर एक नवी बाई उभी होती, अगदी पोरगेलीशी. गेल्याच आठवड्यात तिच्या घरी शेठचा फ्रिज गेलेला मी पाहिला होता.

"आजी," तिनं हळूच विचारलं, "खरंच परत घेतात का हो?"

"घेतात की," सासूबाई म्हणाल्या. "लाज तेवढी घरी ठेवून यायची. तुझी मुदत कधी संपते?"

"आज."

सासूबाईंनी दुकानाकडे पाहिलं. दिवे अजून लागले नव्हते, दुकान बंद व्हायला वेळ होता. मग सुनेकडे वळल्या.

"सिस्टर, सोमवारी सकाळी पहिली फी भर. आणि ही गाडी भाजीवाल्याला लगेच देऊ नकोस." त्यांनी काखेतली चादर त्या पोरीच्या हातात दिली. "ही फ्रिजखाली घाल, ओरखडा पडायला नको. नाहीतर तेवढं निमित्त पुरेल त्याला. चल, घर दाखव."