उरलेल्या गोळ्यांचा डबा

…अर्धी लाल, अर्धी पिवळी, आणि दोन्ही रंग जिथं भेटतात तिथं नखाला लागेल न लागेल अशी बारीक कड — ती कॅप्सूल तळहातावर उन्हात चमकत होती, आणि तिच्याकडे बघता बघता घड्याळबाईला हसू येत होतं. घड्याळबाई हे तिचं शिवणकारखान्यातलं नाव. काळजात बसवलेली धातूची झडप टिकटिक करते. काज-बटणाच्या टेबलाशी शांतता झाली की ऐकू येते. एकदा म्हणे तिच्या टिकटिकीवर अख्खा कारखाना जेवायला उठला आणि मालकानं भिंतीवरचं घड्याळ विकून टाकलं. ही थाप तिनंच उठवलेली. लोकांनी हसायच्या आत आपणच हसवून घेतलेलं बरं.

"अगं, ऐकतेस ना?" पलंगावर पालथी पडलेली काकू उशीत बोलली. "बरं वाटतंय मला आता. उरलेल्या ठेवून दे डब्यात. कुणाला तरी लागतात."

तोच डबा. बिस्किटांचा, झाकणावर हंस… घरातल्या प्रत्येक आजाराचं उष्टं त्यात जायचं आणि पुढच्या आजाराच्या पानात वाढलं जायचं — काकांच्या दाढेचं माझ्या कानाला, माझ्या कानाचं शेजारणीच्या गुडघ्याला. कुत्र्याच्या जखमेचंही एकदा काकांना दिलं म्हणे. काका खडखडीत बरे झाले, फक्त पोस्टमन दिसला की गुरगुरायचे. या गोष्टीला सगळ्यांत जास्त हसायची ती मीच, आई गेल्यावर या घरात आलेली, दोन वेण्यांची. मग एका हिवाळ्यात घसा असा सुजला की थुंकी गिळवेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सगळ्या संपवा म्हणाले, ताप उतरला — आणि काकूनं माझ्यादेखत उरलेली पुडी उचलली. "बरं वाटतंय ना? मग कशाला?" टण्. झाकण लागलं.

घशातले ते जंतू माळेतल्या मण्यांसारखे दिसतात, असं पुढं मोठ्या इस्पितळात कळलं. माळ अर्धवट तुटली, उरलेले मणी घशातच दबा धरून बसले, आणि त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच काळजावर उठलं. सांधे सुजले, काही वर्षांत काळजाची झडप कामातून गेली. मूल होऊ देऊ नका, झेपणार नाही, म्हणाले. ठरलेलं लग्न मोडलं ते त्यानंतर लगेच. आणि काकू आल्यागेल्याला सांगत राहिली, "हिचं सगळं औषधपाणी मीच केलं हो. नाहीतर पोर हातची गेली असती."

आता काकूच्या मानेवर काळपुळी. होती लिंबाएवढी, सांगता सांगता भोपळ्याएवढी झाली. डॉक्टरांनी चिरली, पू काढला, आणि घड्याळबाईला बाजूला घेऊन बजावलं — हे द्राक्षाच्या घोसासारखे राहणारे जंतू, त्यात यांच्या रक्तात साखर. औषध अर्ध्यावर सोडलं तर घोस रक्तात उतरेल, मग माझ्या हातात काही नाही.

इतकी वर्षं तिला वाटायचं, सूड म्हणजे काहीतरी करावं लागतं. हिंमत लागते, डोकं लागतं. इथं तर फक्त मोठ्यांचं ऐकायचं होतं. किती गुणी पुतणी!

तिनं डब्याचं झाकण उघडलं. जिभेवर इतकी वर्षं घोळवलेलं वाक्य काकूच्याच सुरात, काकूच्याच हेलात बाहेर सोडलं.

"बरं वाटतंय ना? मग कशाला?"

आणि थांबली. त्या पाठीवर काहीतरी उमटेल म्हणून… निदान खांदा तरी दचकेल.

"तेच तर म्हणते मी!" काकू खूश झाली. "शहाणी गं माझी. माझ्यावर गेलीस."

काही नाही. कणभरही नाही. हिला आठवतच नाही! ही अशीच जाईल — पुण्यवान, निवांत, चार माणसं हळहळतील, आणि रडायला पहिली मी. छे. मेलेल्या माणसाला काय कळणार? माझं ऐकायला ही धडधाकट हवी, ताठ बसलेली, कानांत प्राण आणून.

टण्. झाकण लागलं. काकूच्या गोळ्या बाहेरच राहिल्या.

"ऊठ. पाणी घे."

"अगं पण —"

"सगळ्या संपवायच्या. एकही उरवायची नाही."

काकू कण्हत कुशीवर झाली. गोळी गिळली, आणि ओल्या ओठांनी म्हणाली, "पोटची असतीस तरी एवढी माया केली नसतीस."

"बरी हो, काकू," ती म्हणाली. "मग एक गोष्ट सांगते."

"कुत्र्याची?"

घड्याळबाईनं पेला परत घेतला. आपल्या घशाची गोष्ट कुठून सुरू करायची ते ती मनात जुळवत होती, आणि तिच्यात हसण्याची जागा कुठं सापडेना. खोलीत टिकटिक चालली होती. आज पहिल्यांदाच तिला घाई नव्हती.