कोटातला विंगर

टेल्मो नोरिएगाच्या मागे मी अकरा वर्षं खेळलो. तो डाव्या बगलेवरचा विंगर, मी त्याच्या पाठीमागचा बचावपटू. तो पळायचा, टाळ्या घ्यायचा आणि चेंडू गमावून बसायचा, निस्तरायचं मी. त्या वर्षांत मी जितक्यांदा ‘पास दे’ म्हणून ओरडलो, तितक्यांदा बायकोला हाकही मारली नसेल.

पुढे तो माद्रिदच्या क्लबकडे गेला, नाव कमावलं, गुडघा घालवला आणि आमच्या खाणींच्या गावात परत आला. क्लबने त्याला प्रशिक्षक, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत ‘मिस्टर’, केलं, त्याने मला मदतनीस.

पहिल्याच दिवशी तो खेळाडूंना म्हणाला, "चेंडू दोनदा पायाला लागला की पास. तिसऱ्यांदा लागला, तर सगळ्यांना सफरचंदाची सिद्रा पाजायची."

मी हसत हसत गवतावर बसलो.

"काय झालं, सेनेन?"

"काही नाही, मिस्टर. पायात गोळा आला."

पण पोरांनी त्याचं ऐकलं आणि आम्ही जिंकत गेलो. मे महिन्यातल्या रविवारी, दुपारी बारा वाजता शेवटचा सामना. जिंकलो तर वरच्या विभागात. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला एक-एक बरोबरी.

तेवढ्यात चेंडू रेषेबाहेर, थेट टेल्मोच्या पायाशी आला. थ्रो त्यांचा. घाई आम्हालाच होती. टेल्मोने चेंडू नुसता देऊन टाकायचा. त्याने तो पायाने थांबवला, डावीकडे झुकल्यासारखं केलं, घ्यायला आलेल्या गड्याला चकवलं आणि रेषेलगत पळत सुटला. अंगात कोट, गळ्यात टाय. चौथा पंच आडवा आला, तोही चकला. अख्खं मैदान उभं राहिलं. कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी चकवायला कोणी उरलं नाही, तेव्हा टेल्मो भानावर आला.

लाल कार्ड.

"सेनेन, मला काय झालं तेच कळलं नाही," जाताना तो पुटपुटला.

"मला कळलं. जा, आईशेजारी बस."

कठड्यापलीकडे प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या आईने, ओलायाने, पिशवी उचलून जागा केली. "जिना चढताना माझा हात लागतो याला," ती आजूबाजूच्यांना म्हणाली, "आणि इथे बघा."

आता संघ माझ्या हातात. आमचा विंगर नेल याला चेंडू मिळाला. दोनदा पायाला लागला, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"जा रे, एकटा जा," मी ओरडलो. माझ्याच तोंडून हे निघालं यावर माझाच विश्वास बसेना.

नेलने दोघांना मागे टाकून फटका मारला. चेंडू खांबावर आपटून आमच्याच शुआकूच्या नडगीला लागला आणि जाळ्यात गेला. शुआकूची गोलकडे पाठ होती. गोल आपण केला, हे त्याला बाकीचे अंगावर पडल्यावर कळलं.

शेवटची शिट्टी वाजताच टेल्मो कठडा ओलांडून आला.

"पास नको, असं कोण म्हणालं?"

"मी."

त्याने सगळ्यांदेखत माझ्या टकलाचा मुका घेतला. मशकबाजा वाजवणाऱ्यांनी सूर धरला, आणि ओलायाबाई हरलेल्या क्लबच्या अध्यक्षांना ओढून नाचायला लागल्या. ते बिचारे आधी नको नको म्हणत होते. मग त्यांनीही टाय सैल केला.