देस्पिना सुलतानचा कौल

इस्तंबूलमध्ये आया सोफियाच्या बाजूला जो जुना चिनार आहे, त्याच्याखाली त्या रविवारी माणसांची नुसती खेचाखेच झाली होती. मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून बघत होते, पुढचे आपली जागा सोडायला तयार नव्हते आणि सिमित म्हणजे तिळाचे गोल पाव विकणाऱ्याची हातगाडी गर्दीत कुठे गेली ते खुद्द त्यालाच सापडत नव्हतं. सगळ्यांचे डोळे एका राखाडी मांजरीवर खिळले होते.

मांजर सावकाश चालत आली, स्टुलावर बसलेल्या एका लाजऱ्या मुलीच्या मांडीवर चढली, तिथल्या हिरव्या रुमालात तोंड खुपसून लोळली आणि घुर्रघुर्र करू लागली.

"माशाल्लाह!" गर्दी एका आवाजात ओरडली.

"कौल मिळाला!" मांजरीचे मालक शाकीर बाबा यांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले. "लोकहो, हिला साधी मांजर समजू नका. ही देस्पिना सुलतान! आईकडून पाहिली तर इथल्या जुन्या पाद्रीबाबांच्या मांजरीची लेक, बापाकडून पाहिली तर सुलतानाच्या मुदपाकखान्यातल्या बोक्याची नात. ही वास्तू आधी चर्च होती, मग मशीद झाली, मग म्युझियम, मग परत मशीद. माणसं बदलली, दिवे बदलले, गालिचे बदलले. पण हिचं घराणं एक दिवस तरी हललं का?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"मग माणसाच्या पोटातलं पाप-पुण्य हिला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"बोक्याची सात पिढ्यांची नावं पाठ आहेत," निगार बाई पुटपुटल्या. "स्वतःच्या आजोबांचं विचारा, ततपप होईल."

"गप बस!" त्यांच्या थोरल्या बहिणीने, मेलाहात ताईने, कोपराने ढोसलं. "तुझ्या या जिभेपायीच काहीतरी अशुभ होईल."

निगार बाई जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आता पन्नाशी उलटल्यावर मोहल्ल्यातल्या तेकीन उस्ताने त्यांना मागणी घातली होती. तेकीन न्हावी होता (म्हणूनच उस्ता, म्हणजे कसबी कारागीर), विधुर होता, अंगाने दांडगा होता आणि बोलताना मान खाली घालायचा. बाईंना तो मनापासून आवडला होता. पण ताईचा होकार पाहिजे होता, आणि ताईला मांजरीचा.

ताईला डावलून लग्न करणं बाईंच्या स्वप्नातही येत नव्हतं. आई गेली तेव्हा त्या फ्रॉकमधल्या होत्या. ताईने शिवणयंत्र चालवून त्यांना शिकवलं, आणि स्वतःचं लग्न करायचं तेवढं राहून गेलं. असल्या बहिणीला रडवून कुणाच्या घरी सुखाने चहा प्यायचा?

बाबांचा रिवाज असा की, आधी आत जाऊन सदा ओलसर असलेल्या 'रडक्या' खांबाच्या भोकात अंगठा घालायचा, हात पुरा फिरवायचा, अंगठा ओला निघाला तर शुभ, मग बाहेर येऊन स्टुलावर बसायचं. म्हणून दोघी बहिणी आणि तेकीन आत गेले. निगार बाई या घुमटाखाली कितीतरी वर्षं वर्गच्या वर्ग घेऊन आल्या होत्या. एका बाजूला मरियमचं सोनेरी चित्र, दुसऱ्या बाजूला अल्लाहच्या नावाची भलीमोठी गोल ढाल, आणि वर तो आभाळासारखा घुमट. दंगेखोर पोरंसुद्धा इथे आली की आपोआप गप्प व्हायची. बाईंच्या लेखी चमत्कार तो एवढाच, आणि तेवढा त्यांना पुरत होता.

खांबापाशी मात्र घोळ झाला. तेकीनचा अंगठा भोकात गेला तो निघेचना.

"ओढा ना," ताई कुजबुजली.

"ओढतोय, ताई."

"अहो, खांबासकट घरी जायचंय का?" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

शेवटी अंगठा सुटला, लाल आणि ओला. ओला आला म्हणून ताईला हर्ष झाला. "दगड ओल धरून ठेवतो, ताई," बाई म्हणाल्या. "आपल्या न्हाणीघराची भिंत नाही का धरत?" पण ताई तोवर दाराबाहेर पोचली होती.

चिनाराखाली बाबांच्या मेहुणीने, सोन्याच्या दाताच्या झुमरूतने, तेकीनच्या मांडीवर हिरवा रुमाल पसरला. देस्पिना सुलतान निघाली. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी ताठ. ती मांडीवर चढली, रुमालाला गाल घासला, ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बिचाऱ्या तेकीनने तिला कुरवाळायला हात पुढे केला.

मांजरीने तो हात हुंगला मात्र, सटकन शिंकली, फिस्कारली आणि जी उडी मारली ती थेट बाबांच्या डोक्यावर. पागोटं डोळ्यांवर आलं.

बाबा स्वतःच दचकले होते. पण असली माणसं फार वेळ दचकलेली राहत नाहीत. पागोटं वर सारून त्यांनी विचारलं, "धंदा काय तुझा?"

"न्हावी आहे, बाबा."

"बघा! वस्तरा!" बाबा कडाडले. "या हाताला काहीतरी काळं चिकटलंय. हा नवरा घरात आला तर घर बसलं. तीन बैठका कराव्या लागतील, मोठी दुआ मागण्याच्या, तेव्हा कुठे डाग जाईल."

ताईने तेकीनच्या मांडीवरचा तोच रुमाल उचलून त्यात तोंड लपवलं आणि असं काही नाक शिंकरलं की झुमरूतने रुमाल परत मागण्यासाठी पुढे केलेला हात मुकाट्याने मागे घेतला.

घरी येताना ताई एवढंच बोलली, "हे लग्न होणार नाही, निगार. केलंस तर मी मेले असं समज."

तेकीन दुकानाच्या दारात थांबला. "त्यांचं खरं असेल, बाई," तो म्हणाला. "लहानपणी मांजरं यायची माझ्याकडे. दुकानात उभा राहायला लागलो तेव्हापासून एक जवळ येत नाही. या शहरात पायरीपायरीवर मांजर आहे, आणि माझी एकट्याची पायरी मोकळी. माझंच काहीतरी चुकत असणार."

एवढा थोराड माणूस एका मांजरीपुढे स्वतःला गुन्हेगार समजत होता. बाईंना त्या बाबाचा असा संताप आला की कानशिलं तापली. पण संतापाने काही सिद्ध होत नाही, हे त्या पोरांना आयुष्यभर सांगत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईच्या खोलीतून किंकाळी आली.

बाई धावल्या. उकाड्यामुळे ताईने सज्ज्याचं दार उघडं ठेवलं होतं आणि तिच्या पलंगावर मोहल्ल्यातली झाडून सगळी मांजरं जमली होती. एक उशीवर लोळत होतं, एक उशीखाली घुसत होतं, आणि वाण्याचा पिवळा बोका, जो वाण्यालाही भीक घालत नसे, तो ताईची वेणी चाटत होता.

"निगार!" ताईचा चेहरा उजळला होता. "मला सिद्धी मिळाली गं!"

न्याहारीची वेळ होते न होते तोच बातमी खालच्या मजल्यावर पोचली. दुपारपर्यंत ताईच्या पलंगापुढे शेजारणींची रांग लागली. एकीने गुडघा पुढे केला, एकीने सुनेचा फोटो आणला. ताई उशीला टेकून सगळ्यांना आशीर्वाद देत होती आणि अंगावरची मांजरं बाजूला करत काकडी खात होती.

"उशीखाली काय ठेवलंयस, ताई?"

"काही नाही. तो कौलाचा रुमाल."

बाईंनी रुमाल ओढून नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. खेळाच्या तासानंतर सातवीचा वर्ग मोजे काढून बसला की असा वास यायचा. पण त्याहूनही जुनी ओळख होती. झोप येत नसे तेव्हा वडील एका मुळीचा काढा प्यायचे आणि घरभर हीच घाण सुटायची.

बाईंनी चपला घातल्या आणि मसाल्याच्या बाजारातलं जडीबुटीचं दुकान गाठून रुमाल दुकानदारापुढे धरला.

"मांजरगवताची मुळी ना?" दुकानदार हसला. "माणसाला झोप लावते, मांजराला वेड लावते. उघडी ठेवू नका, पोतं फाडतात. अलीकडे खप वाढलाय बघा. एक सोन्याच्या दाताची बाई पिशव्या भरभरून नेते. ढाराढूर झोपत असेल!"

रुमालाचं कोडं सुटलं. पण मग तेकीनला पाहून मांजर पळाली का? तिथेही तोच रुमाल होता. बाई तेकीनच्या दुकानात जाऊन बाकावर बसल्या आणि तेकीनचं काम बघत राहिल्या. एका गिऱ्हाइकाची दाढी झाली. तेकीनने बाटली उचलली, लिंबाच्या वासाचं कोलोन गिऱ्हाइकाच्या हातावर ओतलं, राहिलेलं आपल्या हातांवर चोळलं. दुसरं गिऱ्हाईक आलं, पुन्हा तेच. दिवसभर तेच.

बाई ताडकन उठल्या. "तेकीन उस्ता, हात धुवा. साध्या साबणाने, कोपरापर्यंत. आणि अंगरखा बदला."

"आत्ता? दुकान उघडंय."

"आत्ताच्या आत्ता!"

त्याने चांगलं घासून घासून धुतलं. मग पायरीवर बसून त्याने हात पुढे केला. पलीकडच्या भिंतीवरचं एक ठिपक्याठिपक्यांचं मांजर खाली उतरलं, त्याने हात हुंगला, आणि गाल घासला. बाईंनी त्याच हातावर कोलोनचे थेंब टाकले. मांजर शिंकलं आणि पसार झालं.

"लिंबू!" बाई म्हणाल्या. "मांजराच्या नाकाला सोसत नाही. बास, एवढंच तुमचं पाप."

तेकीनने आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "इतकी वर्षं मी उगीचच भ्यालो."

पुढच्या रविवारी चिनाराखाली आणखीच दाटी होती. ताई पहिल्या बैठकीसाठी आली होती, आणि आता ती स्वतःही सिद्ध पुरुषाच्या तोडीची असल्यामुळे मान ताठ करून आली होती. निगार बाईंच्या काखेत मोठं कलिंगड होतं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"जड आहे हो, जरा टेकवते." बाईंनी कलिंगड स्टुलावर ठेवलं, पर्समधून ताईकडचा तो हिरवा रुमाल काढला आणि त्याला मुंडाशासारखा गुंडाळला.

झुमरूत ओरडली, "ए, ए, काढा ते!" पण तोवर देस्पिना सुलतान निघाली होती. ती स्टुलावर चढली, कलिंगडाला चारी पायांनी मिठी मारली आणि डोळे मिटून घुर्रघुर्र करू लागली.

गर्दी माशाल्लाह म्हणायला तोंड उघडून तशीच राहिली.

"कौल मिळाला!" बाई म्हणाल्या. "बाबा, याला मुलगी कुठली बघायची? खरबूज चालेल का?"

पहिला हसला तो सिमितवाला. मग हसू पसरतच गेलं.

"थट्टा करता?" बाबा लाल झाले. "देस्पिना सुलतानला कलिंगडाच्या पोटातला शुद्ध भाव दिसला! पण पाप्याजवळ ती जाणार नाही. कधीच नाही!"

तेकीन उस्ता मान खाली घालून पुढे आला. त्याच्या हातात दुकानातली बाटली होती. "उकडतंय, बाबा," तो नम्रपणे म्हणाला. "थोडं कोलोन?"

आता आमच्या इस्तंबूलमध्ये कुणी कोलोन पुढे केलं आणि समोरच्याने हात आखडता घेतला, असं कधी झालेलं नाही. मरणघरी घेतात, लग्नघरी घेतात, बसमध्ये घेतात. बाबांचे हातही त्यांना विचारल्याशिवाय पुढे आले. तेकीनने सढळ हाताने ओतलं, बाबांनी सवयीने हातांवर चोळलं, मानेला लावलं, दाढीवरून फिरवलं.

मग निगार बाईंनी कलिंगडावरून देस्पिनाला उचललं आणि तिच्या मालकाच्या कुशीत ठेवलं.

मांजर शिंकली, फिस्कारली, बाबांच्या छातीवर ओरखडा काढून उडाली आणि आया सोफियाच्या भिंतीकडे अशी धूम ठोकली की शेपटीचं टोकसुद्धा दिसेना.

"अरे बाप रे!" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. "बाबांच्या पोटात केवढं पाप असेल!"

"पाप नाही, आजोबा, लिंबू," निगार बाईंनी वर्गातला आवाज काढला. रुमाल त्यांनी म्हाताऱ्याच्या नाकाशी धरला, बाजारातून आणलेली मुळी सगळ्यांच्या हातात फिरवली, बाटली दाखवली. "मुळीचा वास आला की मांजर लोळतं, लिंबाचा आला की पळतं. मुळी तुम्हीही विकत आणा आणि घरी करून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, करूनच बघा. मांजराला तुमच्या लग्नातलं काय कळतंय? त्याला वास कळतो. ज्या माणसाबरोबर जन्म काढायचा त्याला प्रश्न विचारायला तुम्हाला तोंड आहे, उत्तर द्यायला त्याला तोंड आहे. मधे मांजर कशाला?"

बाबा आणि झुमरूत गर्दीतून वाट काढत कधी सटकले ते कुणाला कळलंही नाही. लोक रुमाल हुंगून नाकं मुरडत होते आणि पुन्हा हुंगायला मागत होते.

ताई मात्र कुणाकडे बघत नव्हती. सिद्धी गेल्याचं दुःख होतंच, पण तेवढंच नव्हतं. ती तेकीनपुढे जाऊन उभी राहिली.

"एक विचारू?"

"विचारा ना, ताई."

"हिला घेऊन जाल, आणि मग मी त्या घरात एकटी कुणाशी बोलू?"

इतके दिवस निगार बाईंना वाटत होतं की ताईला न्हावी नको आहे. ताईला नेमकी कशाची भीती वाटते, हे ताईला विचारायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. विज्ञान शिकवलं, पण घरातलं साधं माणूस तपासायचं राहिलं, याची बाईंना खरोखर लाज वाटली.

तेकीनने पहिल्यांदाच मान वर केली. "घेऊन कुठे जाणार, ताई? मी तुमच्याकडे राहायला येतो. खालची खोली रिकामीच आहे ना? मी आलो की बोलणारे तिघं होऊ. आणि तुम्ही म्हणाल तेव्हा मी गप्प बसेन."

ताई रडली, मग हसली, मग पदरासारखा डोक्याचा रुमाल सावरत निगारवर खेकसली, "अगं, हे त्याने आधीच का नाही सांगितलं?"

"तू मांजरीला विचारत होतीस, ताई," निगार बाई म्हणाल्या. "त्याला कधी विचारलंस?"