तमसाचा सहावा भाग

पुष्पाबाईच्या नवऱ्याने, लोटनने, जळगावहून 'तमसा' कादंबरीचा सहावा भाग आणला, तेव्हा पारोळ्याच्या घरी ओसरीवर शेंगांचा ढीग फोडायचा राहिला होता. पुष्पाबाईने हात पुसले आणि पुस्तक मोठ्याने वाचायला उघडलं. सासू भिकुबाई आणि शेजारची ताईबाई सरसावून बसल्या. दोघींना अक्षरओळख नव्हती, पण तमसा त्यांना घरच्या लेकीसारखी माहीत होती. मंत्र म्हटला की या मांत्रिकिणीचं एक माणूस तिच्या आठवणीतून पुसलं जाई. पाचव्या भागात गाव वाचवताना ती आपल्या आईलाच विसरली, तेव्हा भिकुबाई दोन घास कमी जेवली होती.

या भागात मात्र सुरुवातीलाच तमसाला एक मोती सापडला आणि तिला आईसकट सगळं आठवलं. मग ती चुटकीसरशी सैन्यं उडवत सुटली. चौथ्या प्रकरणात भिकुबाई उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. वाचन अर्धवट टाकून ती आजवर कधी उठली नव्हती.

आपलंच वाचन आज रटाळ होतंय, असं पुष्पाबाईला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक एकटीने पुन्हा वाचलं. नाही, वाचनात खोट नव्हती. पुस्तकच फसलं होतं.

पुढच्याच आठवड्यात धुळ्याच्या एका वाचनालयात 'तमसा'चे लेखक वामन कुळधर यांचा सत्कार होता. पुष्पाबाई म्हणाली, "आत्याबाई, जाऊत का?" भिकुबाईने लगेच नवं लुगडं काढलं. तिघी एसटीने निघाल्या.

सभागृहात जो उठला त्याने कौतुकच केलं. मग पुष्पाबाई उभी राहिली. बोलायला लागल्यावर आवाज आपोआप मोकळा झाला.

"सर, आम्ही पहिल्या भागापासून वाचतोय. आधी तमसा मंत्र म्हणायची तेव्हा आम्ही हातातलं काम सोडून ऐकायचो. आता ती काय गमावणार, हीच धास्ती. या भागात ती काहीच गमावत नाही. त्यामुळे ती जिंकली तरी आम्हाला काही वाटलं नाही."

कुणीतरी "बसा, बसा" म्हणालं. कुळधरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"लोक मला सारखे विनवायचे," ते म्हणाले. "तिला आई परत द्या, रडवू नका. मला नाही म्हणवेना."

तेवढ्यात भिकुबाई बसल्या जागेवरून अहिराणीत बोलली, "आम्हले रडू उनं, ते चांगलं व्हतं. हाई मनी तमसा नही शे."

ही तिची तमसाच नव्हे, हे ऐकून सभागृह हसलं. कुळधर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग पुढचा भाग लिहू की नको?"

"लिहा ना," पुष्पाबाई म्हणाली. "पण आधी तो मोती फोडा."

"फोडतो," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत पुष्पाबाईला हलकं हलकं वाटत होतं. आपण बरोबर बोललो, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. गाडी धुळ्याबाहेर पडल्यावर ताईबाई हळूच म्हणाली, "खरं सांगू? मले हाई पुस्तक आवडनं. माय भेटनी ना तिले."

भिकुबाईने तोंड खिडकीकडे फिरवलं. पुष्पाबाईला आधी हसू आलं. मग ताईबाईचा चेहरा पाहून ते मावळलं. मोती फुटला की तमसाची आई पुन्हा जाणार होती, आणि ताईबाईला ते कळलं होतं. पुष्पाबाईने तिचा हात हातात घेतला.

"सकाय तुले परत वाची दखाडसू," ती उद्याचा वायदा करत म्हणाली. "पुरं पुस्तक."