नाल्यातला झिरा

माझ्या सासूबाई, मंजुळाबाई, लई हट्टी. मी त्यांना आत्याबाई म्हणते. वाळूजला येऊन वर्ष झालं तरी टँकरच्या पाण्याला नाक मुरडायच्या. अजिंठ्याकडं आमची मेंढरं होती. दोन साल पाऊस नाय, अन् तिसऱ्या साली एका दुपारी असा कोसळला की आख्खा कळप वढ्यात वाहून गेला. मग माझा नवरा राम इथं कंपनीत लागला, अन् आम्ही पत्र्याच्या खोलीत आलो.

यंदा एप्रिलात टँकर चार दिवस फिरकलाच नाय. ड्रमाच्या तळचं पाणी आम्ही पुरवून पीत होतो. माझ्या तीन वर्षांच्या तनूसाठी मात्र आत्याबाईंनी वेगळी कळशी भरून ठेवलेली. कुठून आणली इचारलं तर म्हणल्या, शेजारणीनं दिली. मी येडी, खरं मानलं.

पाचव्या दिवशी सकाळपासून पोरीला उलट्या. रिक्षात मांडीवर घेतलं तर मान धरंना. दवाखान्यात डॉक्टरीणबाई परत परत इचारायच्या, काय खाल्लं, काय प्याली. मी म्हणलं, शेजारचं पाणी. नक्की सांगा, म्हणल्या, नायतर इलाज चुकंल.

मागून आत्याबाई बोलल्या, "नाल्यातलं हाय. मी झिरा खांदला."

मेंढरांमागं फिरताना आम्ही कोरड्या वढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करतो. त्यात पाणी पाझरतं, तो झिरा. माझीबी हाडं त्याच पाण्यावर वाढली. पण ह्या नाल्यात कंपन्यांचं पाणी मुरलेलं, हे त्यांना कोण सांगणार? अन् त्यांनी तरी मला इचारायचं का नाय? लई संताप आला. पण पोर हातची जाती का काय, ह्या भ्यानं मी पोरीचे तळपाय चोळत बसले.

चार वाजता सलाईन चालू असताना तनूनं डोळं उघडलं. "आज्जी, पाणी."

नर्सनं गिलास भरून ठेवला होता, घोटघोट पाजा म्हणली होती. आत्याबाईंनी तो उचलला. उजेडाला धरून पाहिला, वास घेतला, बोट बुडवून जिभंला लावलं.

"सुके, तूच दे," त्या म्हणल्या. "मला वळखू येईना आता."

मी गिलास घेतला. पोर तोंड उघडून वाट बघत होती. मलाबी वळखू येईना.